ताटलीतली पोटीस

भूत, करणी, नजर... असलं काही कोणी काढलं की मी सरळ उठून जाते. अंगणवाडीत शिकवते, जाऊबाई मीठ-मिरच्या ओवाळायला लागल्या की त्यांनाच ओरडते. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जातच नाही.

कमलनगर तेव्हा औराद तालुक्यातच होतं. तिथून जीपने आत गेलं की आमचं गाव. आमचे हे हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. तिथं एकदा फळी छातीवर आदळली. पुढे काही महिन्यांनी घरी आले ते डाव्या बरगड्यांत लिंबाएवढी गाठ घेऊन.

सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, जन्मभर मेंढरं राखलेली. मेंढराचं गळू पोटीस बांधून पिकवायचं आणि दाभणानं फोडायचं, ह्यात त्यांचा हात बसलेला. गाठीवर बोट ठेवून म्हणाले, "ठणकायलंय की! म्हंजी पिकत आलंय. पोटीस बांध, सकाळी फोडतो."

ज्वारीचं पीठ, हळद, तेल... मीच शिजवून बांधली. सकाळी मामा चुलीत दाभण तापवायला बसले. मी पोटीस सोडून ताटलीत ठेवली — आणि ती हलली. जरा वर, जरा खाली. वाटलं, वाफ असेल. हात लावला तर थंडगार! आणि तळव्याखाली ठोका. दुसऱ्या हातानं ह्यांचं मनगट धरलं... दोन्ही ठोके सोबतच पडत होते. अहो, पीठ होतं ते! शपथेवर सांगते.

"मामा, दाभण लावायचं न्हाई!" मी किंचाळलेच.

"येड लागलंय का गं? पोरगं तळमळायलंय!"

"मग आधी मला टोचा!" मी आडवी उभी राहिले. मामा दाभण फेकून तणतणत बाहेर गेले.

त्याच दिवशी मी ह्यांना उदगीरला नेलं, मामाही मागनं आले. तिथल्या डॉक्टरांनी गाठीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. तसंच हैदराबादला पाठवलं. डाय टाकून स्कॅन केला — बरगडीखालची रक्ताची नळी फुग्यासारखी फुगलेली. असं फार क्वचित होतं म्हणे. मांडीतून बारीक नळी घालून, आत तारेची वेटोळी सोडून तो फुगा बंद केला. "घरी टोचलं असतं तर रक्त थांबलंच नसतं," तिथले डॉक्टर म्हणाले. मामा तिथंच फरशीवर बसले आणि मला हात जोडले. मला रडू आवरेना.

गाठीत ठोका कामून होता ते कळलं. पण ताटलीत? डॉक्टर म्हणाले, टेन्शनमध्ये भास होतो. असेल... मला अजून पटलेलं नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

आता हे धडधाकट आहेत, गावात जीप चालवतात. पण रोज भाकरीच्या पहिल्या गोळ्यावर माझा हात थांबतो.

"कामून थांबलीस?" हे विचारतात.

"काय न्हाई," म्हणते. पीठ गप्प आहे ह्याची खात्री झाली की मगच थापते.