पोलादपूरचा कंपाउंडर

बाबांच्या छातीत जळजळत होतं, म्हणून त्यांना कापडे गावाहून पोलादपूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर बाहेरगावी गेले होते. चाळिशीतला, कानावर पेन अडकवलेला कंपाउंडर तेवढा होता.

"पित्त हाय. एक गोळी दे रे, जातो," बाबा म्हणाले.

त्याने बाबांचा घामाने भिजलेला सदरा चाचपला, खिशातलं विड्यांचं बंडल पाहिलं, नाडी धरली आणि गोळ्यांची बरणी बंद केली. "काका, मी डॉक्टर नाय, म्हणूनच मला भीती वाटते. महाडला चला."

बाबा चिडले. तरी तो आमच्यासोबत जीपमध्ये बसला. महाड येईपर्यंत त्याची बोटं बाबांच्या मनगटावरच होती.

हार्ट अटॅक होता. बाबा वाचले.

महिन्याने आभार मानायला गेलो, तेव्हा तो एका बाईच्या पायाची जखम धूत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "विडी सोडली का त्यांनी?"