शेवटची पात

शेतीचे जुने शब्द वहीत उतरवायचं खूळ मला निवृत्तीनंतर लागलं. ‘पात’ या शब्दाचे दोन अर्थ हाती होते: कांद्याची हिरवी पात, आणि शेतातलं तण निंदताना एकेकीच्या वाट्याला येणारी ओळ. तेवढ्यावर मी खूश होतो.

म्हसावदजवळच्या मिरचीच्या शेतात सात-आठ बाया निंदत होत्या. मी बांधावर माठापाशी बसून तांब्याभर पाणी प्यालो. त्यांतली एक म्हातारी निंदता निंदता सारखी मागे वळून बघायची. कोण मागे पडलंय ते बघून हिला बरं वाटत असणार, असं मला वाटलं. आपण जसे, तसं जग!

तिची पात सगळ्यांत आधी बांधाला लागली. मी भरलेला तांब्या पुढे केला, पण तिने तो घेतला नाही. एक पोटुशी पोरगी अजून निम्म्यातच होती. म्हातारी वळली आणि तिच्याच ओळीत समोरून निंदायला बसली.

“मावशी, ती पात तिची ना? पाणी तरी प्या.”

“तिनीच शे, भाऊ. पन तिले एकलीले मांगे सोडीसन मी पानी पिऊ का?”

बाकीच्याही एकेक करून तिकडेच गेल्या. माठाकडे कुणी वळलं नाही.

नवा अर्थ लिहायला मी पेन काढलं, पण ते परत खिशात टाकून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. विळा नव्हता. हाताने ओढलं की गवताची नुसती पाती तुटून येत, मुळं मातीतच राहत.

म्हातारीने माझ्या मुठीकडे पाहिलं.

“मुयासगट काढ, भाऊ.”