गुनवोरची चार लाख पानं

गुनवोर लिंडमार्कला तळघरात कुणी कोंडलं नव्हतं. ती स्वतःच तिथे जाऊन बसली होती, आणि तसा कागदही तिनं आपल्या हातानं टाइप करून दिला होता.

गावातल्या संग्रहालयात वाळवलेल्या झाडाझुडपांचा मोठा साठा होता. उत्तर स्वीडनमधल्या नॉरलंडच्या डोंगरांतून पाद्र्यांनी, शाळामास्तरांनी आणि हौशी डॉक्टरांनी दीडशे वर्षांत गोळा केलेली फुलं, गवतं, नेचे. प्रत्येक रोप जाड कागदावर चिकटवलेलं, उजवीकडे खाली नावाची चिठ्ठी. असे एक लाख चाळीस हजार कागद. त्या सगळ्यांचे फोटो काढायचं ठरलं, तेव्हा संचालक स्वेर्केर तिला म्हणाला, "तू स्टॉकहोमला फोटोग्राफी शिकलीस ना? मग कॅमेरा कुठला घ्यायचा ते तूच लिहून दे."

गुनवोर तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. तिनं दीड पानी टिपण लिहिलं. महागडा कॅमेरा इथे वाया जाईल, स्वस्तातला टिकणार नाही, तेव्हा मधला घ्यावा. अंगानं दणकट आहे, रंग खरे देतो, थेट विजेवर चालतो, संगणकाला जोडला की अडत नाही. उणिवाही तिनं लपवल्या नाहीत. डोळा लावून बघताना पूर्ण चौकट दिसत नाही, कडेचं बोटभर दिसायचं राहतं. मागचा पडदा जागचा हलत नाही, त्यामुळे वाकून बघावं लागतं. आतला आरसा उचलला जाताना धप्पकन हादरा बसतो आणि चित्र हलतं, म्हणून आरसा आधी वर करून मग फोटो घ्यावा. शटरची हमी दीड लाख फोटोंची. शेवटी तिनं लिहिलं, उजेड तासातासाला बदलतो आणि रंग बिघडवतो, तेव्हा खिडकी नसलेली खोली हवी. तळघर उत्तम.

तिचा हिशोब मनात पक्का होता. काम संपेल तेव्हा कॅमेराही संपेल, आणि मग आपण डोंगरावर जाऊन जिवंत झाडांचे फोटो काढू.

साडेतीन वर्षांत कागद संपले. कॅमेरा संपला नाही. तो चालतोय हे कळल्यावर दुसऱ्या दोन संग्रहालयांनी आपापली खोकी पाठवली. मग एका विद्यापीठानं शेवाळं पाठवली.

"कॅमेरा चालतोय ना?" स्वेर्केर दर वेळी विचारायचा.

"चालतोय की," ती म्हणायची.

कागद ठेवायचा, मोजपट्टी ठेवायची, पायानं बटण दाबायचं. धप्. खट्. कागद उचलायचा. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत ती अंधारात घरून निघे आणि अंधारातच परत येई. मधले चार तास वर जो काही उजेड पडायचा तो तिच्याविनाच पडून जायचा. दोन लाख फोटो झाले तेव्हा स्वेर्केरनं केक आणला. तीन लाखांनाही आणला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि गुनवोरनं केक कापता कापता मनातल्या मनात कॅमेऱ्याला म्हटलं, मर ना रे एकदाचा.

पुढे पुढे तर ती चोरून एकाच्या जागी दोन फोटो काढू लागली. तेवढंच शटर लवकर झिजेल.

बहीण ब्रिटा फोनवर म्हणायची, "अगं, सोड ना मग ती नोकरी. पायात बेडी थोडीच घातलीय तुझ्या?"

बेडी नव्हती. पण गावात लाकडाची गिरणी बंद पडलेली, हॉस्पिटल निम्मं हलवलेलं, आणि हिची पन्नाशी उलटलेली. शिवाय एक गोष्ट ती ब्रिटालाही सांगत नसे. त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या खोडी एकट्या तिलाच ठाऊक होत्या. कागद किती सरकवला म्हणजे चिठ्ठी कडेला कापली जात नाही, हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. नवा माणूस येईल आणि सगळं बिघडवून ठेवेल. ही ऐट तिला कुलूपबंद दारापेक्षा घट्ट धरून होती.

चार लाखांचा केक खाऊन झाल्यावर, ऑगस्टातल्या एका बुधवारी, धप् असा आवाज आलाच नाही. काहीतरी आत खुळखुळलं. तिनं लेन्स काढली. आतला छोटा आरसा निखळून, माशाच्या खवल्यासारखा तिरपा पडला होता. गुनवोर स्टुलावर बसली आणि एकटीच हसत सुटली. मग तोंड पुसून वर गेली.

स्वेर्केर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन बसला होता.

"गेला," ती म्हणाली.

"कोण?"

"कॅमेरा."

"अरेरे. एव्हर्टला दाखव तरी एकदा."

एव्हर्ट सँडग्रेन नदीपलीकडे राहायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, आता जे समोर येईल ते. त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "गेलाय कुठे? आरशाचा गोंद सुटलाय नुसता. थेंबभर लावला की दहा मिनिटांत झालं."

"आणि शटर?"

"शटर? ठणठणीत आहे. आणखी दोन लाख काढशील."

गुनवोरच्या डोळ्यांतून पाणी आलं. एव्हर्टनं भिंग काढून तिच्याकडे नीट पाहिलं.

"काय गं पोरी, आनंद झाला की काय?"

"एव्हर्ट, दुरुस्त होत नाही असं सांगाल का तुम्ही?"

"छे. या वयात खोटं बोलायला शिकू?" त्यानं गोंदाची बाटली शोधली, थेंब टाकला, आरसा बसवला आणि दाबून धरला. दहा मिनिटांनी बोट उचललं. मग तो म्हणाला, "पण माझी माणसाला वस्तू परत द्यायची रीत जरा सावकाश आहे. दोन आठवडे लागतील, असं कळव तुमच्या साहेबाला. कॅमेरा मात्र आत्ताच घेऊन जा."

तिनं तो बॅगेत घातला आणि दुसऱ्याच दिवशी डोंगरात ब्रिटाच्या झोपडीवर गेली. दलदलीत पिवळ्या बोरांचा हंगाम होता. ब्रिटा बादली घेऊन बोरं वेचायची आणि गुनवोर फोटो काढायची. दोन दिवसांत तिनं तीनशे काढले. संध्याकाळी ब्रिटानं चष्मा लावून मागच्या पडद्यावर एकेक पाहायला घेतला, आणि हळूहळू तिचा चेहरा पडला.

"काय झालं?"

"रागावू नकोस. पण अगं, ही सगळी मेलेली वाटतात."

गुनवोरनं कॅमेरा ओढून घेतला. प्रत्येक फूल बरोब्बर वरून टिपलेलं, बरोब्बर मधोमध. आणि प्रत्येक चित्रात उजवीकडे खाली, चिठ्ठीपुरती जागा मोकळी सोडलेली.

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. दार उघडं होतं, चारी बाजूंना डोंगर होता, आणि ती तळघरातच होती.

सकाळी ती दलदलीत पालथी पडली. पडदा वळत नसल्यानं हनुवटी चिखलात रुतवून डोळा लावावा लागला. पाणी कोपरांपाशी बाह्यांत शिरलं, डास कानात गुणगुणू लागले. खालून पाहिलं तर कापूसगवताची बोंडं आभाळाला टेकली होती आणि वाऱ्यानं सारखी चौकटीबाहेर पळत होती. नेम धरायचा मधला बिंदू कशावर ठरेना. ती चिडली, तिनं शिव्या घातल्या, पण बटण दाबत राहिली. दुपारपर्यंत हाती एकच फोटो लागला, तोही तिरका, अर्धा पुसट.

"हा हललाय," ब्रिटा म्हणाली.

"हो."

"हा मला पाठव."

दोन आठवड्यांनी गुनवोर कामावर हजर झाली. पहिल्याच दिवशी तिनं स्वेर्केरला सांगितलं, टेबल वरच्या मजल्यावर न्या, खिडकीपाशी. त्यानं कपाटातून जुनं टिपण काढून तिच्यापुढे धरलं. "हे कुणी लिहिलंय?" तो हसत होता. तिला हसू आलं नाही. नोकरी सोडते, हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. खोक्यांमध्ये अजून अकरा हजार शेवाळं होती. ती जिना उतरून खाली गेली.

पण नोव्हेंबरात, पहिला बर्फ टिकला त्या दिवशी, अकराच्या ठोक्याला तिनं दिवे मालवले, नदीकाठानं स्की करत गेली आणि एक वाजता लाल नाकानं परतली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी स्वेर्केर जिन्यात भेटला.

"कुठे गं निघालीस?"

"उजेड आहे तोवर जाऊन येते."

"ही मधली सुट्टी तुला आधीपासून होती?"

गुनवोर टोपी कानांवर ओढत म्हणाली, "सुरुवातीपासून."

स्वेर्केर जाऊन हातोडी घेऊन आला. मग त्यानं जिन्याखालच्या भिंतीत तिच्या स्की टांगायला दोन खिळे ठोकून दिले.