शेवटची आठ पानं

फाटकं पुस्तक हातात आलं की तो आधी ते कानाशी धरायचा, अंगठ्यानं पानं फरफरवायचा आणि वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "जीव हाय अजून."

मी तेव्हा साताऱ्याच्या एका वाचनालयात कारकून होतो. तो शेजारच्या बोळातल्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि पुस्तकंही बांधायचा. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, कागदाची टंचाई, नवी पुस्तकं मिळायची मारामार. त्यामुळे आमच्या जुन्या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा त्याच्याकडं उपचाराला जायच्या. अशी कमी बोलणारी, पण बोलली की घाव घालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकदा एका जाडजूड ग्रंथाची चाळण झालेली प्रत त्यानं कानाशी धरली आणि म्हणाला, "ह्यो कवाच गेलाय. तुमच्या मेंबरांनी वाचलाच न्हाई, निस्त्या झुरळांनी वाचला." वाचनालयाचे अध्यक्ष समोरच बसले होते. ग्रंथ त्यांच्या वडिलांनी लिहिलेला होता.

त्याला मूलबाळ नव्हतं. बायको क्षयानं खंगत चालली होती. मराठी चौथी शिकलेली, आणि वाचनाचं भारी वेड. पुस्तक नव्यानं बांधायचं तर आधी ते उसवून त्याचे फर्मे, म्हणजे आठ-आठ, सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, सुटे करावे लागतात. तो रोज त्यातला एक फर्मा घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. क्षयाच्या घरातून पानं येतात हे कुणाला कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. तरी मी कधी बोललो नाही.

त्यातच एक अद्भुत कादंबरी बांधायला गेली. उडता घोडा, बोलणारी विहीर आणि राक्षसाच्या शापानं दगड झालेली राजकन्या. बांधून आल्यावर मी ती एका बैठकीत वाचली. शेवटी राजपुत्राच्या हाकेनं दगडाला घाम फुटतो आणि राजकन्या उठून बसते. शेवटची पानं जरा मळकट कागदावर होती. लढाईतला कागद, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं. पुस्तक लढाईच्या आधी छापलेलं होतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पुढं त्या कादंबरीवर बोलपट निघाला. मावसभावाच्या लग्नाला सांगलीला गेलो होतो, तिथं तो पाहिला. पुस्तकातल्या घोड्याला सात समुद्र ओलांडायला चार प्रकरणं लागतात. इथं लाकडी घोडा तारेला लोंबकळत एका गाण्यात पार झाला. विहिरीमागं एक बाई उभी करून तिला बोलतं केलं होतं आणि त्या बाईचा पदर दिसत होता. तेही मी सोसलं. पण शेवटी राजकन्या दगडच राहिली! राजपुत्र तिच्यापुढं पणती लावतो आणि निघून जातो. बायका हुंदके देत होत्या आणि मी संतापानं खुर्ची घट्ट धरून बसलो होतो.

घरी आल्यावर मी एका साप्ताहिकासाठी पत्र लिहिलं. कादंबरी न वाचताच बोलपट काढणाऱ्यांचा त्यात चांगला समाचार घेतला. वाचनालयात चारचौघांना ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं. तो बांधलेली पुस्तकं घेऊन आला होता. सगळे गेले तरी तो थांबला.

"भाऊ, त्ये पत्र धाडू नगा."

"का? खोटं आहे का त्यात काही?"

"त्यांचं बराबर हाय. राजकन्या दगडच ऱ्हाती. उठवली ती म्या."

शेवटचा फर्मा त्यानं आधी स्वतः वाचला होता आणि तो बायकोपुढं ठेवायला त्याचा हात धजला नव्हता. ती रोज विचारत होती, "उठती का हो ती?" मग रविवारी छापखाना बंद असताना त्यानं नवी आठ पानं मनानं रचली, खिळे जुळवले, छापली आणि घरी नेली. तिनं पुन्हा कधी पुस्तक मागितलं तर, म्हणून आमच्या प्रतीतही तीच बांधून टाकली.

"त्या दिशी दोन घास जास्ती जेवली, भाऊ," तो म्हणाला. मी पत्र त्याच्यासमोर फाडलं.

दोन महिन्यांनी बोलपट साताऱ्याला आला आणि त्याच्या बायकोनं हट्ट धरला. त्यानं नाना सबबी सांगितल्या. गर्दी, विड्यांचा धूर, खोकला. मला म्हणाला, "तिनं त्यो दगुड बघितला तर खचंल वो. डाक्टर म्हनत्यात, समदं मनावर हाय." त्या दिवसांत पुस्तक कानाशी धरून तो काहीच म्हणायचा नाही. तसंच पिशवीत टाकायचा.

त्याच आठवड्यात मोसंबी घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तो औषध आणायला बाहेर पडला होता. ती भिंतीला टेकून बसली होती. चेहऱ्यात डोळे तेवढे उरले होते.

"भाऊजी, मी शिनेमा बघून आले," ती म्हणाली. "काल, बायकांच्या दुपारच्या खेळाला. शेजारणीनं टांग्यातनं नेलं."

काहीतरी सावरायचं म्हणून म्हणालो, "सिनेमावाले काय, मनाला येईल ते बदलतात, वहिनी."

ती हसली. हसताना तिला खोकला आला.

"आवं, मला कवाचंच ठावं हाय. आमच्या पानांतली राजकन्या उठल्या उठल्या राजपुत्राला काय इचारती? 'जेवलात का?' राजाची लेक आसं इचारती व्हय? त्ये तर मी इचारते ह्यांस्नी, रोज कामावरनं आल्यावर. तवाच वळखलं."

मी मोसंबी तिच्यापुढं ठेवली.

"शिनेमा बराबर हाय, भाऊजी. पर ह्यांचा शेवट लय चांगला हाय." मग हळूच म्हणाली, "मी काय आता उठायची न्हाई. पर मला ठावं न्हाई आसं ह्यांस्नी वाटतंय. वाटू द्या. सांगू नगा कवा."

नाही सांगत, म्हणालो. दिवाळीच्या आधी ती गेली.

महिन्याभरानं तो वाचनालयात आला. मूळची आठ पानं त्यानं जपून ठेवली होती, ती बरोबर आणली होती. कादंबरी मागून घेऊन तो खिडकीशी बसला. शिवण उसवून स्वतःची पानं काढली आणि मूळची आत घातली.

"राहू द्या की," मी म्हणालो.

"न्हाई. लोकांचं पुस्तक हाय. जिच्यासाठी केलं ती गेली."

सुईत दोरा ओवताना, माझ्याकडं न बघता, त्यानं विचारलं, "भाऊ, तुमी येत हुता घरी. तिनं त्यो शिनेमा न्हाई न्हवं बघितला?"

"नाही."

"मंग बरं झालं. राजकन्या उठली आसंच समजून गेली बिचारी."

त्यानं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. आपली आठ पानं घडी घालून कोटाच्या खिशात घातली. त्यानंतर तो साताऱ्यात दिसला नाही. माधवनगरला भावाकडं गेला आणि तिथल्या गिरणीत लागला, असं कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी तो पायऱ्या उतरत असताना त्याला हाक मारायला मी दोनदा तोंड उघडलं होतं. पण तिला मी शब्द दिला होता.