द्वारकेला सांगायचा निरोप

मस्कतमधल्या दार्सैतच्या त्या पिवळ्या इमारतीत कुणाकडे काय शिजतंय, कुणाची सोयरीक फिसकटली आणि कुणाचा व्हिसा अडकला, हे मटिल्डाला त्या घरातल्या माणसांच्याही आधी कळतं. बाई वसईची, मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला वीसेक वर्षं काढलेली. थापाही झकास मारते. म्हणजे अगदी खोटं नव्हे हो, खऱ्यालाच जरा कडक इस्त्री करून देते. तिचा नवरा रेमंड तर म्हणतो, "हिच्या तोंडून निघालेलं कपाटात टांगून ठेवावं, बाहेर घालून जाऊ नये." तेव्हा अशा बाईने एकदा सरळ खरं सांगितलं, ही बातमीच म्हणायची.

झालं असं की सुट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी मटिल्डा वरच्या मजल्यावर मैनाकाकींना भेटायला गेली. मैनाकाकींचं माहेर गिरगावचं, सासर इथल्याच मत्रह बाजारातल्या कच्छी कापडवाल्यांचं. नवरा गेल्यापासून मुलाकडे, चंद्रहासकडे राहतात. दर शुक्रवारी दुपारी मटिल्डाचा चहा तिथेच.

"ह्या खेपेला वसईहून आमच्या बायकांची सहल आहे काकी. नवरे सामान उचलायला. सोमनाथ, गीरचे सिंह आणि दीवला चर्च."

"चर्च का? दीवला आणखी काय मिळतं ते मला माहीत आहे. रेमंडला म्हणावं, जपून."

"आणि मधे द्वारका. बस थांबणारच आहे."

काकींच्या हातातली बशी खाली आली. चंद्रहास झाला तेव्हा सासूबाई नवस बोलून बसल्या होत्या की सून पोराला घेऊन द्वारकेला दर्शनाला येईल. मग दुकान, मग सासूबाईंचं दुखणं, मग नवऱ्याचं. समुद्रापलीकडची द्वारका काही जवळ आली नाही. इकडे चंद्रहासचं टक्कल मात्र पार मागच्या कॉलरपर्यंत पोचलं.

"मग चला की!" मटिल्डा म्हणाली.

"ह्या गुडघ्यांवर? चंद्रहास दरवर्षी विचारतो, मीच नको म्हणते. आता नाही होत गं. तू एक काम कर. देवासमोर उभी राहा आणि सांग, मैना येत नाही, वाट बघू नकोस."

"मी चर्चवाली, काकी. माझं ऐकेल का तो?"

"तू बोलायला लागलीस की कुणाची सुटका असते का?"

मटिल्डा हसायला गेली, पण काकी हसत नव्हत्या. मग काकींचा हात धरून ती म्हणाली, "सांगते. तोंडावर सांगते."

आता सहलीचं काय सांगावं! सोमनाथला एकीचा चष्मा हरवला, तो बसभर शोधला, शेवटी तिच्याच डोक्यावर सापडला. पुढे फाफड्यांवर सगळ्या तुटून पडल्या. द्वारका आली तेव्हा ऊन डोक्यावर. मोबाईल जमा केले, चपला ठेवल्या, धावत दाराशी गेल्या, तर दार बंद.

"भगवान सो रहे हैं, बहनजी," दारावरचा माणूस म्हणाला. "शाम को आइए."

संध्याकाळपर्यंत बस थांबणार नव्हती. बाकीच्यांचं काही अडलं नव्हतं, त्या मोबाईल परत घेऊन फोटो काढायला घाटाकडे वळल्या. रेमंडने बाह्या सरसावल्या. "थांब, मी बोलतो. मस्कतहून आलोय म्हणावं, दोन मिनिटं उघडा."

विमानतळावर जास्तीचं सामान गोड बोलून सोडवून घेणारी मटिल्डा! तिने तोंड उघडलं आणि मिटलं. काकींच्या देव्हाऱ्यावर शुक्रवारी दुपारी पडदा असायचा, आणि दोघी कुजबुजत चहा प्यायच्या. इतकी वर्षं तिला वाटायचं, ही काकींच्या घरची रीत. एवढा मोठा द्वारकेचा राजा, तोही दुपारचा आडवा होत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि झोपलेल्याचं दार वाजवायचं नाही, हे तर तिच्या हाडात मुरलेलं. मागे एकदा नव्या गेस्टसाठी खोली लवकर रिकामी करून हवी म्हणून मॅनेजर खुद्द चावी घेऊन आला होता, तेव्हा ही दारात आडवी उभी राहिली होती. आत एक म्हातारं जोडपं झोपलं होतं.

"हळू बोल," तिने रेमंडला दटावलं. "झोपलाय तो."

"मग दारालाच सांग निरोप आणि चल."

"दाराला? कुणाला 'वाट बघू नकोस' म्हणायचं आणि ते दाराला सांगून पळायचं? लाज नाही वाटत?"

ती तिथेच पायरीवर बसली. वर शिखरावर ध्वज वाऱ्याने फडफडत होता, समोर उन्हात पाणी चमकत होतं. बसने भोंगा वाजवून वाजवून घसा बसवला, तेव्हा बाई उठली.

परतीच्या विमानात रेमंड म्हणाला, "निरोप दिला म्हणून सांग. म्हातारी सुखाने राहील." मटिल्डालाही ते पटलं. शुक्रवारी पेढ्यांचा डबा घेऊन ती वर गेली. काकी ठेवणीतली साडी नेसून, केस नीट बांधून बसल्या होत्या.

"काय ती गर्दी, काकी! काय तो ध्वज!" मटिल्डाने इस्त्री तापवली. "आणि मी अशी आत गेले, अगदी समोर..."

बोलता बोलता तिचं लक्ष काकींकडे गेलं. काकींनी पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं होतं, डॉक्टर रिपोर्ट उघडताना माणसं आवळतात तसं. चांगली बातमी ऐकणाऱ्याचा चेहरा नव्हता तो.

"नाही काकी," मटिल्डा म्हणाली. "नाही सांगितलं. तो झोपला होता, दार बंद होतं. मला नाही उठवता आलं. मला माफ करा."

काकी पुढे सरकल्या.

"म्हणजे त्याला ठाऊकच नाही, मी येत नाहीये ते?"

"नाही."

"मग अजून वाट बघत असेल?"

"असेल ना काकी. नको म्हणून कुणी सांगितलंच नाही त्याला."

काकींची मूठ सैल झाली. डोळे पुसता पुसता त्यांना हसू फुटलं, आणि त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "चंद्रहास! अरे, विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते ना रे?"

चंद्रहास मोबाईल हातात घेऊनच बाहेर आला. "मिळते. का?"

"तिकिटं बघ. तुझं आणि माझं. आणि हिचंही."

"माझी सुट्टी संपली हो काकी!" मटिल्डा ओरडली.

"हळू," मैनाकाकींनी ओठांवर बोट ठेवलं. "तुझ्या मॅनेजरला मी सांगते काय सांगायचं ते. तू आधी पेढा खा."