कोमट बोनेट

माझ्या धाकट्या भावाला एक जुनी विलायती गाडी घ्यायची होती, आणि बदल्यात तो आमचं केळी वाहायचं पिकअप द्यायला निघाला होता. त्या पिकअपवर त्याचं घर चालतं. म्हणून बाबांनी एकच अट घातली, “ताईला दाखव. ती हो म्हणली तर घे.”

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. तेव्हापासून बोअरच्या मोटारीपासून सोयरिकीपर्यंत सगळं माझ्यापुढे येतं. गाड्यांतलं मला काही कळत नाही, हे मी कुणाला सांगत नाही. कुणी विचारतही नाही.

गाडी राजघाटाच्या रस्त्याला एका गृहस्थांच्या शेडमध्ये होती. नेपानगरहून येऊन इथं राहिलेले, सदरा इस्त्रीचा, बोलणं गोड. गाडी इतकी बुटकी की तिच्याशेजारी आमचं पिकअप ट्रक वाटावं. लाल अंग, पांढरं छप्पर, पुढे जादा दिव्यांची रांग, बोनेटला चामड्याचे पट्टे.

“मॅडम, या गाड्यांनी विलायतेत बर्फाच्या घाटात मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकलंय,” ते म्हणाले. “रॅलीत पळालेली चीज आहे. सगळी खोलून नव्यानं उभी केली मी.”

“हीच पळाली, की हिच्यासारखी दुसरी?”

“एकच खानदान समजा ना.”

मी शिकले म्हणून माझं खानदान पदवीधर झालं नाही.

केळीच्या घरात वाढलेलं माणूस चकाकीला भुलत नाही. पावडर टाकून पिकवलेलं केळं वरून पिवळंधमक दिसतं, देठ मात्र हिरवाच राहतो. मी या गाडीचा देठ शोधत फिरले. दारं उघडून पाहिली, खाली वाकून पाहिलं, आणि उठताना आधाराला बोनेटवर हात ठेवला. बोनेट कोमट होतं.

“सकाळी फिरवली का?”

“नाही हो, आठवडा झाला, जागची हलली नाही. उन्हानं तापली असेल.”

शेडमध्ये ऊन नव्हतं. त्यांनी चावी फिरवली, गाडी एका झटक्यात सुरू झाली. भावानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याचाच पोरगा परीक्षेत पहिला आला.

“ताई, तू प्रोफेसर आहेस, पोलीस नाही,” तो कानाशी पुटपुटला.

मला एवढंच कळेना की आम्ही यायच्या आधी गाडी गरम करून ठेवायची, आणि वर नाही म्हणायचं, ते कशाला? भावानं तर इच्छादेवीला नवसही बोलून ठेवला होता, गाडी मिळाली की पहिली फेरी तिच्या इच्छापुरला. तेच मी धरलं.

“सौदा पक्का करायच्या आधी गाडी देवीला दाखवावी लागते. आमच्यात रीत आहे.”

अशी रीत कुणाचीच नाही. गाडी घेतल्यावर हार, नारळ, चाकाखाली लिंबू, मग देवी. भावानं तोंड उघडलं. मी डोळे वटारले, त्यानं मिटलं.

“देवी का दर्शन बाद में भी…” गृहस्थ हिंदीवर आले.

“आमच्यात आधी.”

देवीला नाही कोण म्हणणार? ते दोघं गाडीत, मागं पिकअप चालवत मी. गाडी पळाली मात्र झकास, खोटं कशाला बोलू. केळीचे ट्रक मागे टाकत गेली.

दर्शन झालं. मी भंडाऱ्याच्या पंगतीत बसले आणि सावकाश जेवले. गृहस्थांची चुळबुळ सुरू झाली. “मी जरा गाडी चालू करून येतो.”

“चावी राहू द्या ना. चावीही देवीपुढे ठेवावी लागते, आरती होईपर्यंत.”

आता भावालाही संशय आला, पण माझा.

ऊन कलल्यावर देवीच्या टेकडीवरून खाली गाडीपाशी आलो. गृहस्थांनी चावी फिरवली. गाडी नुसतीच कण्हली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. दर्शनाला आलेल्यांनी धक्का दिला, तरी नाही. त्यातला एक म्हणाला, “काका, पालखीत बसवा हिला.”

“थंड झाली की जरा नखरे करते,” गृहस्थ घाम पुसत म्हणाले.

“मग आठवडाभर न हललेली सकाळी कशी लागली?” हे भावानं विचारलं. मला विचारावंच लागलं नाही.

भावानं थोडा वेळ गाडीच्या छपरावर हात ठेवला. मग पिकअपमधून केळीचे घड बांधायचा दोर आणला आणि गाडी पिकअपला बांधली. तिचं स्टिअरिंग धरून तो स्वतः बसला. गृहस्थ पिकअपमध्ये माझ्याशेजारी आले.

निम्म्या रस्त्यात ते म्हणाले, “मॅडम, ती चावीची रीत खरी आहे का?”

“तुमच्या रॅलीइतकी.”

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी आरशात पाहिलं. दोरामागून भाऊ येत होता, आणि अजून उजेड असताना त्यानं गाडीचे सगळे दिवे लावले होते.