आले नाहीत म्हणजे बरे झाले

हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हाची गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते. वडिलांच्या ओळखीनं बाजारपेठेतल्या एका अ‍ॅक्युपंक्चरच्या डॉक्टरांकडे नोंदी ठेवायचं काम मिळालं. डॉक्टर एका परिषदेत कंबरदुखीवर निबंध वाचणार होते.

"आपल्याला शास्त्रीय पुरावा पाहिजे, मॅडम," ते म्हणाले. मला मॅडम म्हणणारे ते पहिलेच. मी हुरळून गेले आणि दोन दिवस बसून पट्टीनं फॉर्म आखले.

सुया स्टीलच्या ताटलीत, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या असत. एकाच्या पाठीतून काढलेली सुई कापसानं पुसायची, ताटलीत टाकायची आणि तीच दुसऱ्याला टोचायची. स्पिरिट दोन-दोन दिवस बदलत नसत. तळाशी तपकिरी गाळ साचलेला, त्यात कापसाचे तंतू. मी विचारलं तर म्हणाले, "स्पिरिटमध्ये काही जगत नाही." त्या दिवशी डबा मला खाववला नाही.

सुया काढता काढता ते विचारायचे, "आराम पडला ना?" शर्ट वर करून पालथा पडलेला माणूस काय बोलणार? "व्हय जी." मी लिहायची, आराम.

परिषद जवळ आली तेव्हा गठ्ठ्यातले निम्मेअधिक फॉर्म अर्धवट निघाले. माणसं तीन-चारदा येऊन बंद झाली होती.

"यांचं काय लिहू?"

"आले नाहीत म्हणजे बरे झाले. पूर्ण आराम लिहा."

मी लिहिलं. एका दुपारी, चहा पीत, एकामागून एक.

त्याच आठवड्यात मावशीकडे सेनगावजवळच्या खेड्यात गेले. जीपमधून उतरले तर समोरच्या दारात एक ओळखीची बाई भिंतीला धरून, कमरेत वाकून उभी. तिच्या फॉर्मवर मी परवाच पूर्ण आराम लिहिलं होतं.

"तुमाला आराम पडला होता ना?" मी विचारलं.

"कशाचा आराम, बाई? आता तर खाली बसाया येत न्हाई."

"मग येणं काहून बंद केलं?"

"काहीच फरक पडंना तर जीपचे धक्के खात कशाला यायचं?"

"पण तुमी तर व्हय म्हणत होता."

ती ओशाळून हसली. "डॉक्टर एवढं पिरमानं इचारायचे. न्हाई कसं म्हणावं?"

परत आल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हटलं, बंद झालेल्या सगळ्यांना पोस्टकार्ड टाकू, कसं आहे विचारू. ते चिडलेसुद्धा नाहीत. हसले. "मॅडम, एका बाईनं काय फरक पडतो?" मी तिचा फॉर्म काढला, पूर्ण आराम खोडलं आणि 'आराम नाही' लिहिलं. दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यात त्याच बाईचा कोरा करकरीत फॉर्म होता, डॉक्टरांच्या अक्षरात. पूर्ण आराम.

निबंध वाचला गेला. शाल मिळाली. प्रमाणपत्र फ्रेम करून रोग्यांच्या बाकड्यासमोर लावलं. खिळा ठोकताना ते मला म्हणाले, "यात तुमचाही वाटा आहे." पहिली तारीख यायची वाटही न बघता मी काम सोडलं.

पुढे वसमतला शाळेत विज्ञान शिकवू लागले. दोन हजारनंतर गावात इंटरनेट आलं तेव्हा या विषयावर हाताला लागेल ते वाचलं. काही दुखण्यांत सुयांनी थोडा फरक पडतो असं म्हणतात. पण सुई टोचल्याचं नुसतं सोंग केलं तरी पुष्कळांना बरं वाटतं, म्हणून खरी सुई आणि सोंग दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून तपासावं लागतं. एवढी साधी गोष्ट मी बी.एस्सी.ला शिकले होते.

शाळेतल्या एका बाईंचा खांदा धरला होता. त्यांनी विचारलं, "तुम्ही हिंगोलीच्या त्या सुयांच्या डॉक्टरांकडे होता ना? गुण येतो का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तिथं कुणी बघितलंच नाही."

त्यांना ते उत्तर पटलं नाही. त्या रविवारी त्या हिंगोलीला गेल्या.